उजवा गोल

सोमवार, ५ जानेवारी २००९. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी मी स्केटिंगच्या रिंकवर आपटले. वय एकोणचाळीस. आधी उजवा गुडघा टेकला, मग कोपर, आणि उरलेली मी सावकाश मागून पोचले.

"लागलं काय?" बागवान सरांनी विचारलं.

"नाही."

"मग उठ की. सिमेंट काय गादी हाय?"

मागून दातांचे डॉक्टर हेरवाडे वेग न आवरल्यामुळे माझ्या अंगावरून जाता जाता वाचले आणि कठड्याला जाऊन धडकले. तिथूनच ओरडले, "वहिनी, दात शाबूत आहेत ना? नसतील तर पहिला नंबर तुमचा."

चाचणीला वीस दिवस उरले होते.

चाचणी काय होती ते आधी सांगते. रिंकच्या मधोमध एकमेकांना खेटून दोन गोल होते, प्रत्येक सहा मीटर व्यासाचा. ते जिथं चिकटतात तिथं, त्या जोडावर, उभं राहायचं. डाव्या पायावर डावा गोल पुरा करायचा, उजवा पाय हवेत. परत त्याच जागी आलं की पाय बदलायचा आणि उजव्या पायावर उजवा गोल. मध्येच दुसरा पाय टेकला की गुण गेले. ज्यानं दुचाकीचं लायसन काढलंय त्याला हे समजायला वेळ लागत नाही. आरटीओच्या मैदानात आठ काढायला लावतात, तोच हा आठ. फक्त गाडी नाही, आणि एका पायावर.

डावा गोल मला यायचा. झोपेतही आला असता. उजव्या गोलात मी दरवेळी साधारण पाव भाग जायचे आणि पडायचे.

गोल मूळचे ऑइलपेंटचे होते, पण ते झिजून गेले होते. सर रोज पहाटे मध्यभागी खिळा धरून, त्याला सुतळी बांधून, रांगोळीनं ते पुन्हा काढायचे. रेषेवरून चाक गेलं की रेषा पुसली जायची. भरकटलं की पांढरे पट्टे बाहेर उमटायचे. रांगोळी चाकांच्या बेअरिंगमध्ये जायची आणि दर रविवारी आम्हाला बेअरिंग रॉकेलमध्ये धुवत बसावं लागायचं. तक्रार केली की सर म्हणायचे, "कसं गेलीस ते मला इचारू नकोस. खाली बघ, लिवलंय."

रशीद बागवान सर सहासष्ट वर्षांचे होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. कोल्हापूर महापालिकेच्या त्या रिंकवर ते तीसहून जास्त वर्षं शिकवत होते. माझं लग्न होऊन मी मगदूम झाले याची त्यांनी नोंद घेतलेली नव्हती. त्यांच्या लेखी मी शिंत्रेच.

मी त्यांच्याकडं आठव्या वर्षी आले आणि पंधराव्या वर्षी गेले. का गेले, असं कुणी विचारलं की मी 'दहावी होती' असं सांगायचे. ही माहिती अपुरी होती. १९८४ च्या मे महिन्यात, अशाच एका चाचणीच्या आधी, सरांनी माझ्या वडिलांना चिठ्ठी पाठवली होती. ती मला अजून पाठ आहे. "मुलगी चांगली आहे. डावा गोल उत्तम. उजवी बाजू अंगातच नाही. चाचणीला बसवू नये."

वडिलांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं झालं, आता अभ्यासाला लाग."

नंतर पंचवीस वर्षं माझं उजवीकडं काहीही चुकलं की मला त्यात नवल वाटलं नाही. स्कूटर उजवीकडं वळवताना मी एका भाजीवाल्याच्या पाटीत गेले, तेव्हा वाटलं, बरोबर आहे. लग्नात हार घालताना तो उदयच्या उजव्या कानाला अडकला, तेव्हाही वाटलं, बरोबर आहे. चिठ्ठीत लिहिलंच होतं.

२००८ च्या ऑक्टोबरात मी रिंकवर गेले ती बातमीसाठी. मी एका स्थानिक दैनिकात मुख्य उपसंपादक होते. रिंकशेजारचं गटार तुंबून पाणी आत येतंय आणि मुलं घसरताहेत, अशी तक्रार आली होती. बातमीदार रजेवर होता म्हणून मी स्वतः गेले. सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. नाव विचारलं नाही.

"पाचच नंबर हाय न्हवं अजून?" ते म्हणाले, आणि आतून स्केटची एक जोडी आणून माझ्यासमोर ठेवली.

बातमी तीन कॉलम लागली. गटार तसंच राहिलं. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज साडेसहाला रिंकवर. पहिला आठवडा कठडा धरून. दुसऱ्या आठवड्यात कठडा सोडला, तिसऱ्यात पुन्हा धरला. तुळशीच्या लग्नापर्यंत डावी वळणं अंगात परत आली. नोव्हेंबरअखेर मी पाठमोरी स्केटिंग करू लागले. एका पायावर उभी राहायला लागले, आधी चारपर्यंत मोजून, मग दहापर्यंत, मग वीस. रात्री एकला ऑफिसातून घरी, सकाळी सहाला पुन्हा बाहेर. उदय म्हणायचा, "चोरसुद्धा एवढ्या कमी झोपेवर काम करत नाहीत."

डिसेंबरात राज्य संघटनेचं पत्र आलं. २५ जानेवारीला परीक्षक पुण्याहून येणार. प्रौढांनाही बसता येईल. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. २०१० पासून गोलांची चाचणी बंद करण्यात येत असून यापुढे फक्त वेगाच्या स्पर्धा घेतल्या जातील.

म्हणजे ही शेवटची. मी त्याच दिवशी फॉर्म भरला. डॉ. हेरवाड्यांनीही भरला. त्यांचा दवाखाना शाहूपुरीत, वय पंचेचाळीस. पोट कमी करीन असा बायकोला शब्द दिल्यामुळे गेल्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा पायात चाकं बांधलेले. त्यांना दोन्ही गोल सारखेच वेडेवाकडे यायचे, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

"सर, एकदा उजवा करून दाखवा की," मी त्या सोमवारी कोपर चोळत म्हणाले.

सर उतरले. डाव्या पायावर डावा गोल काढला. सहासष्टाव्या वर्षी, हात पाठीमागे बांधून, रेषा मधोमध कापत. परत जोडावर आले, थांबले आणि म्हणाले, "आता तसंच दुसऱ्या बाजूला."

"दुसऱ्या बाजूला दाखवा."

"तेच हाय. तसंच उलटं. दाखवायचं काय त्यात?" आणि ते डॉक्टरांच्या चाकाचा नट आवळायला बसले.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत. मी सहा वाजून दहा मिनिटांनीच पोचले, कारण झोप लागली नव्हती. फाटक उघडं होतं. ट्यूबलाइट चालू होती. कोपऱ्यातल्या नळाचा आवाज येत होता.

रांगोळी काढून झालेली होती, आणि तीवरून कुणीतरी जाऊनही आलेलं होतं.

डाव्या गोलाची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मधोमध पुसलेली. उजव्या गोलातून चाकाचे पट्टे आठ ठिकाणी बाहेर गेले होते. पाव भागापाशी, मी जिथं पडते साधारण तिथंच, रांगोळीत हाताचा एक पंजा उमटला होता. पाच बोटं, स्वच्छ.

सर नळावरून आले. हातात खराटा. शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी.

"एवढ्या लवकर?" ते म्हणाले.

"सर, कोण खेळून गेलं?"

"कोण न्हाई. मांजर आल्तं."

"मांजर डाव्या गोलात एका पायावर गेलंय आणि उजव्यात हातावर पडलंय?"

सरांनी खराटा खाली ठेवला.

"सर, अडीच महिन्यांत मी बासष्ट दिवस आलो," मी म्हणाले. कोल्हापूरच्या आम्ही बायका 'आलो'च म्हणतो, आणि राग आला की जास्तच. "बासष्ट दिवसांत तुम्ही उजवा गोल एकदाबी दाखवला नाही. चौऱ्याऐंशी सालीबी नाही. त्याच्या आधीची सात वर्षंबी नाही."

"वहीत लिवून ठेवलंयस काय?"

"हो."

"पेपरवाली," ते म्हणाले. शिवी दिल्यासारखं. मग पायरीवर बसले.

बराच वेळ ते बाहीवरची रांगोळी झटकत होते. ती निघत नव्हती.

"सत्तावन्न साली," ते म्हणाले, "गावात एक फिरती स्केटिंगची शेड आल्ती. पत्र्याची. बाजा वाजायचा आणि त्याच्यावर पोरं गोल फिरायची. समदी डावीकडनं. एकच दिशा. मालक मधी स्टुलावर बसायचा, हातात काठी. कोण उलटं फिरलं की पाठीत. मी चौदा वर्षांचा. तिथं शिकलो. शेड गेली, मी फिरत ऱ्हायलो. पुढं हितं रिंक झाली, मला म्हटले, तू शिकीव."

"आणि उजवीकडं?"

"उजवीकडं वळलं की पाठीत काठी बसंल असं वाटतंय. आजबी. मेला तो मालक बासष्ट साली."

"आणि माझ्या बाबांना चिठ्ठी पाठवलीत, उजवी बाजू माझ्या अंगात नाही."

"मग काय लिवायचं होतं? माझ्या न्हाई असं?"

बोलायला पंचवीस वर्षांचं साठलेलं होतं, पण त्यातलं एक वाक्य धड तयार होईना.

"अशा किती चिठ्ठ्या?" शेवटी मी विचारलं.

"तुझी धरून अकरा."

एवढ्यात फाटकातून डॉक्टर आले. डाव्या हातात स्केट, उजव्या हातात स्टीलचा डबा.

"तिळगूळ घ्या, गोड गोड बोला!"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा सरांकडं, आणि आवाज उतरवला.

"काय झालं? कोण गेलं काय?"

"मालक," सर म्हणाले. "बासष्ट साली."

मला हसू यायला नको होतं. आलं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी तिळाची वडी चघळत उजव्या गोलाभोवती एक फेरी मारली, पंजाच्या ठशाशेजारी उकिडवे बसले आणि एखादी दाढ तपासावी तसं ते बारकाईनं पाहिलं. मग स्केट बांधून स्वतः उजवा गोल काढला. वाईटच, पण पुरा.

"यात काय आहे मला कळेना," ते म्हणाले. "मला तर दोन्ही सारखेच अवघड जातात."

"तेच तर," मी म्हणाले. "तुम्हाला उजवीकडं भ्यायला कुणी शिकवलंच नाही."

"आता वहिनी, तुम्ही करा. पडा. मला बघू द्या."

मी पडले.

"पुन्हा."

पुन्हा पडले.

"तुमची मान," डॉक्टर म्हणाले. "पाय सुटायच्या आधी मान डावीकडं जाते. पाय बिचारा उजवीकडं निघालाय आणि डोकं घरी परत निघालंय. पडणार नाही तर काय? सर, आता तुम्ही."

"मी?" सर म्हणाले. "तू मला शिकिवणार?"

"सर, माझ्या खुर्चीत मोठमोठे आमदारसुद्धा तोंड उघडतात."

सर उठले. जोडावर उभे राहिले. उजव्या पायावर निघाले, आणि त्यांची मान खटकन डावीकडं वळली. मागून कुणीतरी हाक मारावी तशी.

उपाय डॉक्टरांनीच काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उजव्या गोलाच्या मध्यभागी उभे राहिले आणि माझ्यासमोर आमच्याच दैनिकाचं पहिलं पान धरलं.

"वाचा. मी पान तुमच्याबरोबर फिरवतो. चूक सापडली की सांगा."

रात्री मीच तपासून छपाईला सोडलेलं पान होतं ते. मी निघाले. मुख्य मथळा ठीक. दुसरी बातमी ठीक. तिसऱ्या बातमीत महापौरांच्या फोटोखाली उपमहापौरांचं नाव.

"अरे देवा!" मी ओरडले. "हे कुणी लावलं?"

"वहिनी," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही अर्धा गोल आलाय."

हे ऐकून मी पडले. पण अर्ध्यावर पडले. आजवर पावावर पडत होते.

पुढचे दहा दिवस असेच गेले. डॉक्टर मध्ये, मी भोवती. नंतर सर, आणि मी मध्ये. सरांना पेपरात गोडी नव्हती. म्हणून मी मध्यभागी एसटीच्या गिअरबॉक्सचा जुना दातेरी चक्का धरून उभी राहायचे, आणि किती दाते झिजलेत ते त्यांनी मोजायचं. सर नऊपर्यंत यायचे आणि पडायचे. उठून म्हणायचे, "पुढचे दोन तसे बरे दिसाल्यात." वीस तारखेला माझा उजवा गोल पहिल्यांदा पुरा झाला. रेषा सोडून, हात पसरून, पण पाय न टेकता. मी जोडावर येऊन थांबले, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर खाली बघून मापं घेत होते.

"दीड फूट भाईर," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण हाय."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी तिसरा फॉर्म भरला. स्वतःचा. मला फोन करून विचारलं, "जन्मतारखेच्या खाली एक रकाना हाय. यापूर्वी उत्तीर्ण झालेल्या चाचण्या. तिथं काय लिवू?"

"जे खरं आहे ते."

"आजपतुर मोकळाच सोडत आलोय."

"तो शिकवणाऱ्याचा फॉर्म होता, सर. हा शिकणाऱ्याचा."

पलीकडून कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "लिवलं." आणि फोन ठेवला.

रविवार, २५ जानेवारी. आठला पाच कमी असताना परीक्षक आल्या. स्नेहल ओगले, वय तिशीच्या आसपास, निळा ब्लेझर, हातात मोजपट्टी आणि एक फाईल. नमस्कार झाले, चहा झाला. फॉर्म चाळताना तिसऱ्यापाशी त्या थांबल्या.

"सर, हा तुमचा?"

"व्हय."

"यात लिहिलंय, यापूर्वी उत्तीर्ण चाचण्या, नाही."

"न्हाईच."

"पण या दोघांच्या फॉर्मवर प्रशिक्षक म्हणून तुमचीच सही आहे."

"माझीच."

ओगले मॅडमनी फाईल मिटली. त्या चिडल्या नव्हत्या, अडचणीत आल्या होत्या. "सर, चाचणी स्वतः उत्तीर्ण झालेल्या प्रशिक्षकाचीच सही चालते. नियम एक्क्याण्णवचा आहे. तुम्ही त्याआधीपासून शिकवताय, म्हणून कुणी विचारलं नसेल. पण आता हे लेखी माझ्यासमोर आलंय."

"मग?" मी विचारलं.

"मॅडम, दोन मार्ग आहेत. सरांनी त्यांचा फॉर्म मागे घेतला, तर मी तो पाहिलाच नाही. तुमची आणि डॉक्टरांची चाचणी घेते, साडेनऊपर्यंत निकाल इथंच. सरांचा फॉर्म राहिला, तर तिघांनाही खेळू देईन, गुण लिहीन, पण पाकीट सीलबंद करून तांत्रिक समितीकडे पाठवावं लागेल. सही ग्राह्य की नाही, ते समिती ठरवेल. तोपर्यंत कुणाचाच निकाल नाही."

"आणि ही चाचणी पुन्हा होणार नाही."

"नाही. ही शेवटचीच."

ओगले मॅडमचं वाक्य संपायच्या आत सरांनी फाईलमधून स्वतःचा फॉर्म ओढून घेतला होता आणि मधोमध दुमडला होता. फाडायच्या आधी माणूस कागद दुमडतो तसा.

"थांबा," मी म्हणाले.

"थांबायचं काय त्यात? तुझं होऊ दे."

डॉक्टर कठड्याला टेकून उभे होते. "वहिनी, तुमचं तुम्ही ठरवा. मला सर्टिफिकेट लावायला भिंतच नाही. दवाखान्यात सगळीकडं दातांचे फोटो आहेत."

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून सात मिनिटं झाली होती. साडेनऊला माझ्या हातात तो कागद आला असता. उजव्या गोलासकट, सहीशिक्क्यानिशी. मला तो हवा होता. किती हवा होता, ते मला त्या क्षणापर्यंत नीट माहीत नव्हतं. मी सरांच्या हातातला फॉर्म घेतला, दुमड मांडीवर सरळ केली आणि मॅडमना परत दिला.

"राहू दे," मी म्हणाले. "तिघं."

"शिंत्रे, खुळी हैस काय?" सरांचा आवाज चढला. "पंचवीस वर्सं झाली! तुझं मी एकदा घालवलंय. परत घालवायला लावालीस?"

"यावेळी तुम्ही घालवत नाही, सर. मी ठरवलंय."

"का पण?"

"स्केट बांधा."

डॉक्टर पहिले गेले. दोन्ही गोल पुरे, दोन्ही वाकडे. परत येताना त्यांनी परीक्षकांना सलाम ठोकला. त्याला गुण नव्हते.

मी दुसरी. डावा गोल कसा गेला ते मला आठवत नाही, म्हणजे बरा गेला असावा. जोडावर पाय बदलला. उजवा पाय सुटला आणि मान डावीकडं निघाली. मी तिला परत आणलं. चाचणीत मध्यभागी कुणी उभं राहू शकत नाही. तिथं पेपर नव्हता, चक्का नव्हता, फक्त सिमेंट होतं. मी सिमेंटच वाचलं. एक तडा, एक पेंटचा जुना ठिपका, एक पानाची पिंक. पाव झाला. अर्धा झाला. पाऊण भागाला घोटा थरथरायला लागला. जोड समोर दिसायला लागला आणि मी त्यावर पोचले. पाय टेकला नाही. सगळ्यात जास्त भरकटले ते सात इंच. ही माहिती पक्की आहे. मी नंतर मोजलं.

मग सर.

त्यांनी आधी डावा गोल काढला. तसा डावा गोल मी त्यानंतर पाहिलेला नाही. हात पाठीमागे, मान ताठ, रेषा अशी मधोमध गेली की मॅडमनी मोजपट्टी उघडलीच नाही. जोडावर पाय बदलला आणि उजवीकडं निघाले. सावकाश. फार सावकाश. पाव गेला, जिथं पंजा उमटला होता तिथून. अर्धा गेला. हात आता पाठीमागे नव्हते, दोन्हीकडं पसरलेले. पाऊण. वेग संपत आला होता. जोराची एक रेटणी सुरुवातीला द्यायला हवी होती, ती त्यांनी भीतीनं दिली नव्हती. शेवटच्या चार फुटांत चाकं जवळजवळ थांबली. डॉक्टर दबक्या आवाजात म्हणत होते, "चला, चला, चला मर्दा." सर एका पायावर, पुढे झुकलेले, इंचाइंचानं जोडाकडं सरकत होते. मग ते जोडावर होते आणि दोन्ही पायांवर उभे होते.

आधी काय झालं? ते जोडावर पोचले, की डावा पाय टेकला?

सतरा वर्षं मी बातम्या तपासल्या होत्या. कोण, कुठं, कधी, आधी काय, नंतर काय. आणि ते मी पाहिलं नाही. मी सरांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

डॉक्टर म्हणतात, आधी पोचले. पण डॉक्टर त्या क्षणी कठड्यावरून उडी मारून धावले, सरांना मिठी मारली आणि दोघांनी मिळून तिथली सगळी रांगोळी तुडवली. सरांना विचारलं तर म्हणाले, "मला काय म्हाईत? मी काय खाली बघालतो?" ओगले मॅडम तीन फुटांवर उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं असणार. त्यांनी खाली मान घालून मिनिटभर काहीतरी लिहिलं, तिन्ही कागद पाकिटात घातले, लाख लावली आणि शिक्का उमटवला.

"मॅडम, एवढंच सांगा," मी फाटकापर्यंत त्यांच्यामागं गेले. "पाय."

"मॅडम, तुम्ही पत्रकार आहात," त्या म्हणाल्या. "सील झालेलं पाकीट म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे." मग गाडीत बसताना म्हणाल्या, "सर कुठं शिकले?"

"पत्र्याच्या शेडमध्ये."

समितीची बैठक मार्चमध्ये व्हायची होती. ती जूनमध्ये ठरली आणि गणसंख्येअभावी तहकूब झाली. २०१० मध्ये गोलांचा विभाग बंद झाला आणि त्याबरोबर समितीही. कागद कुठं गेले ते कळलं नाही. २०१२ मध्ये संघटनेचं कार्यालय हललं. २०१५ मध्ये मी माहिती मागवणारं पत्र पाठवलं. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. ओगले मॅडम लग्न होऊन परदेशी गेल्या. त्यांचा पत्ता मिळाला, ईमेल केली, उत्तर आलं, सौजन्यपूर्ण, आणि त्यात पायाविषयी एक शब्द नव्हता.

सर आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी त्यांना चाकं घालायला बंदी केली आहे, आणि ते ती दर गुरुवारी मोडतात. मला फोन केला की आधी तब्येत विचारतात, मग म्हणतात, "लागला का गं?"

गेल्या बुधवारी दुपारी सव्वाबाराला मी संघटनेच्या नव्या कार्यालयात पुन्हा फोन केला. ज्या बाईंनी उचलला त्यांचा जन्म बहुधा बाबांना आलेल्या त्या चिठ्ठीनंतरचा. त्यांनी वीस मिनिटं थांबायला लावलं. परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या.

"मॅडम, फाईल सापडली. पाकीट आत आहे. सील तसंच आहे."

"मग उघडा."

"उघडायचा अधिकार समितीला होता. समिती आता नाही. मी विचारून कळवते."

मी माझा नंबर दिला, दोनदा वाचून घेतला. अजून फोन आलेला नाही.